सहा थाऊची फट

लिलावात घेतलेली जिप्सी, फौजेतून निवृत्त.
बॉनेटखाली अजून हिरवा रंग,
आणि बॅटरीच्या पट्टीत कुणाचं तरी पितळी बटण.
जतकडच्या वस्त्यांवर जायला लागते,
गुरांच्या डॉक्टरला गाडी नको का, असं घरी सांगितलं.
खरं कारण दंडोबाची मागची चढण,
जिथं दर रविवारी दुसऱ्या गिअरात, साडेपाच हजारांवर
इंजिन ओढायचं सोडतं
आणि नुसतं ओरडतं.

मिरजेत, सतारींच्या गल्लीमागं, इलाही शिकलगार.
हेड उघडायच्या आधीच म्हणाले, स्प्रिंगा दमल्यात.
कॅम ढकलतो, व्हॉल्व्ह उघडतो,
पण मिटायला परत यायच्या आत
दुसरी हाक आलेली असते. मग तरंगतो मधेच.

आठ स्प्रिंगा वर्तमानपत्रावर उभ्या केल्या.
सात एका उंचीच्या.
तिसऱ्याची, धूर सोडणारी, दीड मिलिमीटरनं खाली.
सील चिंचोक्यासारखे कडक.

कोइमतूरहून खोकं आलं: तेलकट कागदात
नवा कॅमशाफ्ट, जाड तारेच्या स्प्रिंगा, त्यांच्या टोप्या.
सत्तावीस हजार चारशे.
घरी अकरा सांगितले.

मग घासणं. व्हॉल्व्हच्या तोंडाला करडी पेस्ट,
काठीचं रबर त्याला चिकटवून
दोन तळव्यांत ताक घुसळल्यासारखं, इकडं, तिकडं.
खर्र, खर्र, आणि बऱ्याच वेळानं सुर्र.
पलीकडं पुतण्या तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवत होता.
तो थांबला की हे थांबायचे. का, कुणास ठाऊक.
पणजा तलवारी घासायचा, म्हणाले,
आम्ही आपली घासणारीच माणसं.
पुसल्यावर सीटवर राखाडी कडं,
कुठंही न तुटलेलं.

लॉक बसवताना एक निसटलं. टिंग.
तासभर तीन माणसं गुडघ्यांवर,
ड्रेनच्या जाळीपर्यंत बॅटरी मारून झाली.
सापडलं माझ्या सलवारीच्या दुमडीत.
कुणी हसलं नाही. चहा मात्र मला सांगावा लागला.

गार इंजिन, रॉकरखाली सहा थाऊचं पान.
सहज निघालं तर सैल,
अडलं तर घट्ट.
दमट वहीतून कागद ओढावा तसं यायला पाहिजे.
आठ वेळा आलं तसं.

सुरू केली. टिकटिक.
त्यांचा डावा कान वीस वर्षांपूर्वीच गेलेला,
उजव्याला लांब स्क्रूड्रायव्हर लावून
मान वाकडी करून उभे राहिले,
आणि हलवली नकारार्थी.
तेव्हा मी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला.
कानात घालताना लाजले थोडे.
मग डोळे मिटून, टॅपेट कव्हरवर बोटाबोटानं सरकत,
एक.
तीन.
तीनवर पुष्कळ वेळ.
हे मुकं आहे.

मग बरंच की, मी म्हटलं.

वाजणाऱ्याला भ्यायचं नसतं डॉक्टरीणबाई.
गप बसलेला व्हॉल्व्ह आतनं जळतो.
लोखंड तापलं की वाढतं, त्याला जागा नको?
आणि गाडी बंद करून, गार व्हायला दोन तास बसून,
नट सोडून, केसाएवढं मागं घेतलं.

रविवारी दंडोबा. साडेसहा हजारांपर्यंत ओढलं,
वर गेल्यावर मी खाली उतरून उगीच टायर बघितले,
कारण हात थरथरत होते.

सोमवारी डफळापूरची खिल्लार, दोन दिवस वैरण न खाल्लेली.
डाव्या कुशीला स्टेथोस्कोप टेकवला, उचलला,
तर पांढऱ्याशुभ्र कातडीवर ऑइलचं काळं कडं,
अखंड.
हे काय लावलं, मालकीण म्हणाली.
थांबा, म्हटलं, ऐकू द्या.
परत टेकवला, त्याच कड्यावर.
फार नाही, पण
वाजत होतं कोठीपोट.